रंगांची साक्ष

कापडाला रंग देण्याची विद्या भारतवर्षात फार प्राचीन काळापासून चालत आलेली आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननात मंजिष्ठेच्या तांबड्या रंगात रंगविलेल्या सुती वस्त्राचा अवशेष सापडला. तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा आहे. नुसत्या मंजिष्ठेच्या काढ्यात कापड बुडविले, तर त्यावर फिकट डाग तेवढा पडतो आणि दोन धुण्यांत तोही निघून जातो. परंतु तेच कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढले, तर रंग सुतात चांगला मुरतो व सहजासहजी विटत नाही. तुरटी सुतालाही धरून ठेवते आणि रंगालाही. अशा पदार्थाला रंगबंधक असे म्हणतात. कापूस पिकविणाऱ्या जालना जिल्ह्यातील मुलांना सूत आणि तुरटी या दोन्ही वस्तू परिचयाच्या आहेत. परंतु रंगाऱ्याची हीच युक्ती रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत रोज उपयोगात येते, आणि तेथे कापडाऐवजी मनुष्यदेहाचा केसाहूनही पातळ असा काप रंगविला जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशी एकत्र आल्या म्हणजे त्यांची ऊती होते. त्वचा, स्नायू, यकृत, गालाचे आतले अस्तर ही सर्व निरनिराळ्या ऊतींनीच घडलेली आहेत. ऊतींच्या रचनेचा अभ्यास ज्या शास्त्रात होतो, त्यास ऊतीशास्त्र म्हणतात. या अभ्यासाला सूक्ष्मदर्शक यंत्र हवेच. पण नुसते यंत्र पुरत नाही. ऊतीचा पातळ काप यंत्राखाली धरला, तर तो बहुतेक पारदर्शक दिसतो. पाण्याच्या पेल्यात काचेचे तुकडे टाकले असता त्यांच्या कडा जशा ओळखू येत नाहीत, तसेच येथे होते. पेशीच्या मध्यभागी असणारे केंद्रक आणि त्याच्या भोवतीचे पेशीद्रव या दोहोंतूनही प्रकाश सारखाच आरपार जातो. मग एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे डोळ्यांना कसे कळावे? म्हणून ऊतीला रंग द्यावा लागतो. हा रंग शोभेसाठी नसतो. जे भाग निसर्गतः भिन्न आहेत, ते डोळ्यांनाही भिन्न दिसावेत, एवढाच त्याचा हेतू असतो.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानी हळूहळू आली. स्वतः घासलेल्या भिंगांतून सूक्ष्म जीवांचे जग प्रथम पाहणारा हॉलंडमधील लेव्हेनहूक याने अठराव्या शतकाच्या आरंभी स्नायूंचे तंतू स्पष्ट दिसावेत म्हणून केशराचा रंग वापरून पाहिला होता. पुढे इ. स. १८५८ मध्ये गेरलाख या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एका किड्यापासून मिळणाऱ्या कार्मिन नावाच्या तांबड्या रंगाने मेंदूचे काप रंगविले. दाट रंगात सर्वच काही सरसकट लाल होत असे. परंतु अगदी पातळ रंगात काप दीर्घकाळ ठेवला असता केंद्रके गडद झाली आणि भोवतालचा भाग फिकट राहिला. रंग अधिक घातला म्हणजे अधिक दिसते असे नव्हे. योग्य जागी योग्य प्रमाणात बसला तरच दिसते, हा धडा शास्त्रज्ञांना त्यातून मिळाला.

आज जगभर ऊती रंगविण्यासाठी जी जोडी सर्वांत अधिक वापरली जाते, तिची नावे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन अशी आहेत. हिमॅटॉक्सिलिन हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत वाढणाऱ्या लॉगवुड नावाच्या झाडाच्या गाभ्यातून मिळते. आपल्याकडे पतंग नावाचे झाड असते. त्याच्या लाकडाचा तांबडा काढा पूर्वी रंगारी वापरीत. लॉगवुड हे त्याच शेंगांच्या कुळातले. गंमत अशी, की शुद्ध हिमॅटॉक्सिलिनला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतोच. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग झाला, म्हणजेच ते ‘पिकले’, की त्यापासून हिमॅटीन हा खरा रंग तयार होतो. परंतु हा रंगही एकटा ऊतीला धरून राहत नाही. इ. स. १८६५ मध्ये ब्यॉमर या शास्त्रज्ञाने त्याला तुरटीची जोड दिली आणि मग तो केंद्रकावर पक्का बसू लागला. कापडाच्या रंगाऱ्यास सहस्रावधी वर्षे ठाऊक असलेले रहस्य अशा रीतीने प्रयोगशाळेत आले. दुसरा रंग इओसिन. हा झाडापासून मिळत नाही, तर रसायनांपासून कारखान्यात बनवितात. पहाटेच्या आभाळावर जी लाली पसरते, तिच्यासारखी त्याची छटा असते. ग्रीक भाषेत उषेला जो शब्द आहे, त्यावरून त्याचे नाव पडले. इ. स. १८७६ च्या सुमारास या दोन्ही रंगांचा एकत्र उपयोग होऊ लागला. दीडशे वर्षे होत आली, तरी त्यांची जागा दुसऱ्या कोणी घेतलेली नाही.

या दोन रंगांनी आपापल्या जागा वाटून घेतल्या आहेत. केंद्रकातील द्रव्य आम्लधर्मी असते. तुरटीशी जुळलेले हिमॅटीन अशा आम्लधर्मी द्रव्याकडे ओढले जाते. म्हणून केंद्रक निळेजांभळे होते. इओसिन हा आम्लधर्मी रंग आहे. तो पेशीद्रवातील प्रथिनांना चिकटतो आणि त्यांस गुलाबी करतो. रक्तातील तांबड्या पेशी तर इओसिनने भडक लाल दिसतात. उत्तम रंगविलेला काप पाहिला, म्हणजे गुलाबी शेतात ओळीने पेरलेल्या निळ्या दाण्यांचा भास होतो. निरोगी ऊतीत हे दाणे बहुधा एकाच आकाराचे आणि आपापल्या जागी असतात. कर्करोग झालेल्या ऊतीत मात्र केंद्रके मोठी, वेडीवाकडी आणि गडद झालेली आढळतात. आणि जी सीमा पेशींनी ओलांडू नये, ती ओलांडून त्या आत घुसलेल्या दिसतात. हा फरक पाहूनच वैद्य रोगाचे निदान करतात.

या निदानाने केवढे कार्य साधते, हे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या चरित्रावरून समजेल. इ. स. १८९५ मध्ये जन्मलेल्या खानोलकरांनी लंडन येथे विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगामुळे शरीरात होणाऱ्या फेरबदलांच्या शास्त्राचे, उच्च शिक्षण घेतले आणि मुंबईस परत येऊन अध्यापन केले. इ. स. १९४१ मध्ये मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या रुग्णांच्या ऊती तपासताना त्यांच्या लक्षात आले, की काही कर्करोगांचा संबंध लोकांच्या सवयींशी आहे. इ. स. १९४५ मध्ये सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तंबाखू आणि चुना मळून ती गोळी खालचा ओठ व हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवणाऱ्यांना नेमका त्याच जागी कर्करोग होतो. आणि धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी घट्ट आवळल्याने कमरेच्या त्वचेवरही तो होऊ शकतो, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते खानोलकर इ. स. १९७८ मध्ये निवर्तले. तंबाखूविषयीचा त्यांचा इशारा मात्र आजही तितकाच खरा आहे. अशा मोठ्या सत्याचा पाया कशावर असतो? योग्य रीतीने रंगविलेल्या लहानशा काचपट्ट्यांवर.

आता हे रंगकाम प्रत्यक्षात कसे चालते, ते पाहू. समजा, भोकरदन तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला आहे आणि तो महिनाभर बरा होत नाही. वैद्य त्या जागेचा हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासणीस पाठवितात. देहापासून वेगळा होताच त्या तुकड्याचा नाश सुरू होतो. पेशींमधील पाचक द्रव्ये त्या पेशींनाच गिळू लागतात. म्हणून तो तत्क्षणी फॉर्मॅलिनमध्ये टाकावा लागतो. फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे हे मिश्रण असते, आणि ते तुकड्याच्या निदान दहापट तरी असावे लागते. फॉर्मॅलिन पेशींना आहे त्या स्थितीत खिळवून ठेवते. त्यास ‘स्थिरीकरण’ म्हणतात. ते ऊतीत फार मंद गतीने शिरते. म्हणून मोठा तुकडा असल्यास त्याला चिरा द्याव्या लागतात. येथे एक लहानशी गोष्टही महत्त्वाची ठरते. अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ तुकडा सहज दडपता येतो. पण फॉर्मॅलिनने तो कडक झाला, म्हणजे बाहेर काढताना फाटतो. म्हणून रुंद तोंडाची बाटलीच घ्यावी, आणि तिच्यावर रुग्णाचे नाव व क्रमांक त्याच वेळी लिहावा.

जालन्यास किंवा अन्य मोठ्या गावी प्रयोगशाळेत पोहोचल्यावर तुकड्याचा पुढचा प्रवास सुरू होतो. इतका मऊ तुकडा पातळ कापता येत नाही. त्याला आतून बाहेरून मेणाचा आधार द्यावा लागतो. परंतु ऊतीत पाणी असते, आणि पाणी व मेण यांचे सख्य नाही. म्हणून तुकडा आधी शेकडा ७०, मग शेकडा ९०, आणि शेवटी निर्जल अशा चढत्या तीव्रतेच्या मद्यार्कातून काढून त्यातील पाणी घालवितात. मद्यार्क आणि मेणही एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून दोघांशीही जमवून घेणारे झायलीन हे द्रव्य मध्यस्थ म्हणून वापरतात. नंतर सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णतेत वितळलेल्या पॅरॅफिन मेणात तुकडा ठेवला, की मेण त्याच्या कणाकणात शिरते. थंड झाल्यावर त्याची वडी होते. मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या धारदार पात्याने या वडीचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस साधारणपणे ७० मायक्रॉन जाड असतो. एकामागून एक येणारे काप कडेला कड चिकटून त्यांची फीत बनते. ती कोमट पाण्यावर तरंगत सोडली, म्हणजे तिच्या सुरकुत्या जातात. मग खालून काचपट्टी सरकवून काप अलगद उचलून घेतात. त्या पट्टीवर क्रमांक घालतात तो शिसपेन्सिलीने. कारण पुष्कळशी शाई पुढे मद्यार्कात विरघळून जाते, आणि क्रमांक पुसला गेला तर एकाचा रोग दुसऱ्याच्या माथी बसेल.

रंग तयार करणे हेही मोठ्या दक्षतेचे काम आहे. हॅरिस या शास्त्रज्ञाच्या रीतीप्रमाणे पाच ग्रॅम हिमॅटॉक्सिलिन ५० घनसेंटिमीटर निर्जल मद्यार्कात विरघळवितात. दुसऱ्या पात्रात एक लिटर शुद्ध पाण्यात १०० ग्रॅम तुरटी ऊन करून विरघळवितात. दोन्ही द्रव एकत्र करून उकळी आणतात, आणि रंग लवकर पिकावा म्हणून त्यात एक प्राणवायुदायक क्षार घालतात. पूर्वी यासाठी पाऱ्याचा ऑक्साइड वापरीत. तो विषारी असल्याने आता सोडियम आयोडेट वापरणे अधिक पसंत करतात. द्रव गडद जांभळा होताच भांडे लगेच थंड पाण्यात ठेवावे लागते. कारण उष्णता अधिक वेळ राहिली, तर रंग अति पिकून तपकिरी होतो. शेवटी थोडे ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगारातील आम्ल, शुद्ध स्वरूपात घालतात. त्यामुळे केंद्रके अधिक रेखीव उठतात. इओसिनची कृती सोपी आहे. शंभर घनसेंटिमीटर शुद्ध पाण्यात एक ग्रॅम इओसिन विरघळवून त्यात याच आम्लाचे थेंब टाकतात. दोन्ही बरण्यांवर तयार केल्याची तारीख लिहून ठेवतात.

रंगविण्यापूर्वी काचपट्टी झायलीनमध्ये ठेवून मेण काढून टाकतात, आणि उतरत्या तीव्रतेच्या मद्यार्कातून तिला पुन्हा पाण्यात आणतात. मग ती पाच ते दहा मिनिटे हिमॅटॉक्सिलिनमध्ये राहते. बाहेर येते तेव्हा केंद्रकांबरोबर बाकीचा भागही थोडासा रंगलेला असतो. म्हणून मिठाच्या तेजाबाचा अंश असलेल्या मद्यार्कात तिला काही सेकंदच बुडवितात. त्यामुळे जास्तीचा रंग सुटतो आणि केंद्रकांतला तेवढा राहतो. या क्षणी काप तांबूस दिसतो. नंतर त्यास किंचित अल्कधर्मी पाण्यात ठेवले, की तो पाहता पाहता निळा होतो. या कामी नळाचे किंवा विहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी आपोआप उपयोगी पडते. जालना जिल्ह्याची भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची. अशा भूमीतून झिरपलेल्या पाण्यात क्षार असतात व ते बहुधा अल्कधर्मी असते. जेथे पाणी मऊ असते, तेथे त्यात खाण्याचा सोडा आणि मॅग्नेशियम सल्फेट मिसळून हे काम साधतात. मग एक-दोन मिनिटे इओसिन. त्यानंतर पुन्हा चढत्या तीव्रतेचा मद्यार्क, झायलीन, आणि शेवटी चिकट द्रव्याचा एक थेंब घालून वर पातळ काच बसवितात.

इतक्या पायऱ्या असल्यामुळे चुकीच्या जागाही तितक्याच असतात. केंद्रके फिकट दिसली, तर एक तर रंग जुना होऊन निकामी झालेला असतो, किंवा काप रंगात कमी वेळ राहिलेला असतो, किंवा तेजाबात अधिक वेळ राहिलेला असतो. रंग निकामी झाला की नाही, याची परीक्षा सोपी आहे. पेल्यातील नळाच्या पाण्यात त्याचा एक थेंब टाकावा. तो तत्काळ निळाजांभळा झाला तर रंग चांगला, तांबूस किंवा तपकिरी राहिला तर टाकून द्यावा. केंद्रके तांबूसच राहिली, तर बहुधा अल्कधर्मी पाण्यात काप पुरेसा वेळ ठेवलेला नसतो. गुलाबी रंग चढला नाही, तर ते अल्कधर्मी पाणी कापाबरोबर इओसिनमध्ये गेलेले असते; तेव्हा काप नीट धुवावा आणि इओसिनमध्ये ॲसेटिक आम्लाचे थेंब वाढवावेत. कापावर मधूनमधून रंग न चढलेले पांढरे डाग दिसले, तर तेथे मेण शिल्लक आहे असे समजावे. निळेकाळे ठिपके दिसले, तर हिमॅटॉक्सिलिनवर जी चकचकीत साय धरते, ती कापावर बसलेली असते; म्हणून दररोज वापरण्यापूर्वी रंग गाळणकागदातून गाळून घेतात. कापावर एका सरळ रेषेत चीर दिसली, तर पात्याची धार तेथे तुटलेली असते.

हवामानाचीही दखल घ्यावी लागते. वैशाखात मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. तेव्हा मेण मऊ पडून काप चुरगळतात. म्हणून वडी बर्फावर थंड करून मग कापावी लागते. पावसाळ्यात याच्या उलट अडचण येते. निर्जल मद्यार्क हवेतील ओलावा शोषून घेतो. मग त्यातून काढलेली काचपट्टी झायलीनमध्ये जाताच दुधासारखी धूसर होते. अशा वेळी ती पुन्हा ताज्या निर्जल मद्यार्कात न्यावी. मद्यार्कात पाणी शिरले की नाही, हे ओळखण्याची एक सुंदर युक्ती आहे, आणि तिच्यातील वस्तू जालन्याच्या मोसंबीच्या बागाईतदारांना चांगली माहीत आहे. झाडांवर फवारण्यासाठी चुन्याबरोबर जे मोरचूद वापरतात, ते निळे असते. ते तापवून त्यातील पाणी उडवून दिले, तर त्याची पांढरी भुकटी होते. ही भुकटी मद्यार्काच्या बरणीच्या तळाशी ठेवतात. मद्यार्कात पाणी मिसळू लागले, की ती पुन्हा निळी होऊन इशारा देते.

अनुभवी तंत्रज्ञ दोष दिसताच सर्व बरण्या एकदम बदलत नाही. तसे केले, तर दोष गेला तरी तो कशाने आला होता हे कळत नाही, आणि तो पुन्हा येतो. तो आपल्या कामाबरोबर नेहमी एक परिचित काचपट्टी रंगवितो, जिची ऊती निर्दोष असल्याचे आधीच ठाऊक असते. परिचित पट्टी उत्तम रंगली आणि रुग्णाची बिघडली, तर दोष रंगात नाही. तो स्थिरीकरणात किंवा कापण्यात आहे. दोन्ही बिघडल्या, तर दोष रंगात किंवा पाण्यात आहे. मग तो एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो. शेतातील विहिरीचे पाणी वाफ्यापर्यंत पोहोचले नाही, तर शहाणा शेतकरी विहिरीपासून पाटाने चालत जाऊन फूट कोठे पडली ते शोधतो. त्यातलाच हा प्रकार होय.

या सर्व दोषांत मोठा भेद आहे. रंगाचे बहुतेक दोष सुधारता येतात. वरची काच झायलीनमध्ये ठेवून काढावी, तेजाबयुक्त मद्यार्काने रंग उतरवावा आणि काप पुन्हा रंगवावा. तोही बिघडला, तर मेणाच्या वडीतून नवा काप काढता येतो. म्हणूनच या वड्या वर्षानुवर्षे जपून ठेवतात. परंतु तुकडा काढल्यावर तो फॉर्मॅलिनविना तसाच राहिला, वाळला किंवा साध्या पाण्यात टाकला गेला, तर पेशींचा जो नाश होतो तो पुढे कोणत्याही रंगाने भरून येत नाही. अशा वेळी रुग्णाच्या शरीराचा तुकडा पुन्हा काढावा लागतो, आणि कित्येकदा ते शक्यही नसते. तेव्हा मोठ्या शहरातील तज्ज्ञाला सूक्ष्मदर्शकात काय दिसणार, याचा अर्धा निर्णय तालुक्याच्या गावी, तुकडा बाटलीत टाकणाऱ्या हातांनीच केलेला असतो.

इ. स. २०२४ मध्ये जालना येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकाच्या पहिल्या वर्षीच विद्यार्थ्यांना ऊतीशास्त्र शिकावे लागते. जिल्ह्यातील काही मुले पुढे वैद्य होतील, काही तंत्रज्ञ होतील. वैद्याचे नाव रुग्णाला ठाऊक असते. काप काढणाऱ्या व रंगविणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव तो कधी ऐकतही नाही. फॉर्मॅलिन आणि झायलीन यांच्या वाफा अपायकारक असतात. म्हणून हातमोजे घालून, खेळत्या हवेत, तो आपले काम करीत असतो. आपण रंगविलेली पट्टी फार गडद झाली, तर निरोगी केंद्रकही रोगट भासेल, आणि एखाद्याच्या गालाचा भाग विनाकारण कापला जाईल; ती फार फिकट झाली, तर रोग लपून राहील आणि उपचाराची वेळ निघून जाईल, हे तो जाणतो. म्हणून ज्या काचपट्टीविषयी त्याच्या मनात शंका आहे, ती संध्याकाळ झाली आणि घरी जाण्याची घाई असली, तरी तो तशीच पुढे पाठवीत नाही. तो दोष वहीत नोंदवितो, त्याचे कारण शोधतो आणि वडीतून नवा काप काढतो. भोकरदनच्या त्या शेतकऱ्याला हे कधी कळणारही नाही. परंतु त्याला मिळणारे उत्तर खरे असेल.